वन्सं काही बोलेनात

त्या उन्हाळ्यात माझ्या फ्रिजवर पत्रकांची रांग लागली होती. एक शाळेतून आलेलं, एक चर्चमधून, एक दवाखान्यातून. आणखी एक आमच्या बेटांवरच्या टोंगन भाषेत छापलेलं होतं, पण ते कुणी तरी राजासमोर भाषण करावं अशा भाषेत लिहिलं होतं. ते मी सेमिसीला वाचून दाखवलं तर म्हणतो, "हे लस घ्या म्हणतायत की देवाघरी जायची तयारी करा म्हणतायत?" सेमिसी माझा नवरा. ऑकलंडच्या विमानतळाजवळच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. घरी आला की सोफ्यावर आडवा होतो, आणि विनोद करण्यापुरती ताकद तेवढी राखून ठेवतो.

सगळ्या पत्रकांच्या शेवटी एकच वाक्य होतं. निर्णय पालकांचा.

लहान मुलांची करोनाची लस नुकतीच सुरू झाली होती. आमची नाइते सात वर्षांची. तिची फुप्फुसं नाजूक आहेत. रोज सकाळी तिला उशीवर पालथं झोपवायचं, हाताची ओंजळ करून पाठीवर थापट्या मारायच्या, आणि कफ सुटेपर्यंत थांबायचं. मग तिची शाळा, धाकट्या बाळाची दुधाची बाटली, मग माझी हॉटेलच्या धुलाईखान्यातली पाळी. इतर मुलांना जे नुसतं पडसं होतं त्यात नाइते आठवडा-आठवडा हॉस्पिटलात काढते. आणि आता हा नवीन प्रकारचा करोना ऑकलंडात शिरला होता, शाळा उघडायला आल्या होत्या, आणि मला रात्री धड झोप लागत नव्हती.

मी आधी मदतीच्या नंबरावर फोन केला. बराच वेळ होल्डवरची गिटार ऐकली. मग एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "हिला आधीपासून आजार आहे ना, मग तुमच्या डॉक्टरांशी बोला." डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांच्या तज्ज्ञांशी बोला. तज्ज्ञबाईंचा फोन लागेपर्यंत माझी जेवणाची सुट्टी संपली, म्हणून मी धुलाईयंत्रांच्या मागे उभी राहून, एका कानात बोट घालून त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या, "द्याच. अशा मुलांना तर आधी द्यायला हवी. दोन डोस, मध्ये आठ आठवडे." मला रडायलाच आलं. मग त्यांनीही ते वाक्य म्हटलं, की अर्थात निर्णय तुम्हा पालकांचाच.

आता मला सांगा, आमच्या घरात पालक कोण? मी आई आहे, म्हणजे धुणं, जेवण, थापट्या आणि फोनवरची गिटार माझी. सेमिसी बाप आहे. पण आमच्यात मुलांच्या बाबतीत शेवटचा शब्द आत्याचा असतो. नाव तीच ठेवते, लग्नात मानाची चटई तिला जाते, मयताला सगळे जमिनीवर आणि ती उंच जागी. भावाने बहिणीला उलट बोलायचं नाही. ती खोलीत असली तर आमचे हे टीव्हीसुद्धा बंद करतात, न जाणो एखादं चुंबन यायचं. हे मी कुरकूर म्हणून सांगत नाही. माझ्या भावाच्या पोरांवर मीही असाच हक्क गाजवते, आणि माझी वहिनी माझ्या मागे काय बोलत असेल ते मला चांगलं ठाऊक आहे.

"ताईला विचार," सेमिसी म्हणाला.

"तुम्ही विचारा. बहीण तुमची आहे."

"मी कसं विचारू? औषधपाण्याचं, अंगाबिंगाचं मी ताईपाशी बोलू? तुला लाज नाही वाटत?"

"मला लाजायला वेळ कुठे आहे?"

तर गेले मीच.

लुपे वन्सं आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. लग्न केलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात स्वयंपाकीण आहेत, चर्चमधल्या बायकांच्या पुढारी आहेत, आणि त्यांनी खाकरलं तरी आमची अर्धी गल्ली सरळ बसते. मी केळ्यांचा घड घेऊन गेले. वन्सं ओट्यापाशी अळकुड्या सोलत होत्या. मी बसले, हवेचं बोलले, चर्चच्या छपराचं बोलले. मग विषय काढला. तज्ज्ञबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. वन्संनी स्वतः लस घेतली होती, आश्रमातल्या नोकरीला ती सक्तीचीच होती, म्हणून मला वाटलं होतं, त्या एकदा मान हलवतील आणि काम होईल.

वन्संचा सुरीचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तुम्ही आईबाप आहात," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही ठरवा."

तुमच्याकडे हे वाक्य कदाचित समजूतदारपणाचं असेल. आमच्याकडे ते घरावर वीज पडल्यासारखं आहे. आत्याने आपला हक्क सोडला, याचा अर्थ तिने भावाच्या घरावरची छाया काढून घेतली. असं आत्या कधी करते? तिचा भयंकर अपमान झाला असेल तेव्हा. मी घरी येऊन सेमिसीला सांगितलं. तो सोफ्यावरून उठून बसला.

"तू काय बोललीस तिला?"

"काही नाही! केळी दिली."

"केळी चांगली होती ना?"

"सेमिसी, केळ्यांचं काय घेऊन बसलात?"

"मग ती रागावली का?"

मी म्हटलं, राग असो नसो, ठरवा म्हणाल्यात ना, मग आपण ठरवू. देऊन टाकू. त्याने असं पाहिलं की जणू मी चर्चची खिडकी फोडायला निघाले होते. ताईच्या रागावर पाय देऊन पोरीला सुई टोचायची, आणि मग काही झालं म्हणजे? त्याची समजूत पक्की होती. लस चांगलीच आहे, पण शाप घेऊन टोचलेली लस कशी चांगली ठरणार? आधी ताईची माफी. मग लस.

"कशाची माफी?" मी विचारलं.

"ते तिला माहीत असेल."

रविवारी आम्ही माफी मागायला निघालो. सेमिसीने काळी लुंगी नेसून कमरेला, आमच्यात मान राखायला गुंडाळतात तशी, जुनी चटई गुंडाळली होती. मी माझ्या आईने विणलेली बारीक पातीची चटई काढली, जी मी नाइतेच्या लग्नासाठी ठेवली होती. भट्टीत भाजलेलं डुकराचं पिलू, अळूच्या पानात नारळाच्या दुधातलं मटण, सगळा सरंजाम. दोन्ही पोरांना कडक कपडे. नाइते सारखी विचारत होती, "आत्याचा वाढदिवस आहे?" गल्लीतल्या लोकांनाही तसंच वाटलं असणार. एकाने तर हात हलवून अभिनंदन केलं.

वन्संच्या ओसरीत सेमिसी खाली मान घालून जमिनीवर बसला. वन्सं दारात उभ्या राहिल्या. चटई पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"हे कशाबद्दल?"

"ताई, जे झालं त्याबद्दल," सेमिसी जमिनीकडे बघत म्हणाला. बिचाऱ्याला दुसरं काय म्हणता येणार होतं? काय झालं तेच त्याला माहीत नव्हतं.

"जे झालं ते मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "चटई अंथरून आठवण करून द्यायची गरज नव्हती." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. लावलं तेही हळूच, आवाज न करता, आणि तेच जास्त लागलं.

सेमिसी पार खचला. पण माझ्या डोक्यात तिथेच, त्या ओसरीत, लख्ख उजेड पडला.

नाइते चार वर्षांची असताना हिवाळ्यात तिला ताप भरला होता. श्वास घेताना बरगड्या दिसायला लागल्या. मी पिशवी भरून हॉस्पिटलात निघाले होते, तेवढ्यात वन्सं आल्या. त्यांच्याबरोबर झाडपाल्याची औषधं देणारी एक म्हातारी होती. वन्सं म्हणाल्या, हॉस्पिटलात पोरीला नळ्या घालतील, आमच्या आईला घातल्या होत्या तशा, आणि आई कुठे परत आली? तेल चोळू, पाल्याचा रस देऊ, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही त्या म्हणाल्या, उद्या बघू. सेमिसीने मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी पोरगी निळी पडायला लागली तेव्हा शेजाऱ्याने रुग्णवाहिका बोलावली. निमोनियाने तिच्या छातीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर या विषयावर आमच्या घरात कोणी कधी एक अक्षर बोललं नाही. मी रोज सकाळी पोरीच्या पाठीवर थापट्या मारते, आणि खरं सांगते, त्यातली प्रत्येक थापटी मी मनातल्या मनात वन्संच्या नावाने मारत आले.

म्हणजे बाई रागावलेल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. एकदा शब्द चालवला त्याचं असं झालं, आता पुन्हा त्याच पोरीवर, तिच्याच छातीसाठी शब्द चालवायची हिंमत होत नव्हती. आणि आम्ही डुक्कर भाजून, चटई घेऊन, अख्ख्या गल्लीदेखत त्यांच्या दारात 'जे झालं त्याबद्दल' म्हणून बसलो. याहून जहरी टोमणा मला सात जन्मांत सुचला नसता.

घरी परतताना मी सेमिसीला सांगितलं, ताई घाबरल्यात.

"ताई? घाबरलीय?" तो म्हणाला. "तू जरा पाणी पी."

माझ्या मनात दया यायला हवी होती. आली नाही. मला संताप आला. बोलायची वेळ नव्हती तेव्हा बोललात, आणि आता एक 'हो' हवा आहे तर तोंडाला कुलूप? त्या रविवारनंतर वन्संनी आमच्याकडे येणंच बंद केलं. सेमिसीने चर्चमध्ये दोनदा त्यांच्या वाटेत उभं राहून पाहिलं. त्या दुसऱ्या दाराने गेल्या. तो घरी येऊन म्हणायचा, "राग वाढतोय." मी म्हणायचे, "करोना वाढतोय." शाळा सुरू झाली. मी नाइतेला छाती दुखते म्हणून घरी ठेवलं, धुलाईखान्यात पाळ्या बदलून घेतल्या, आणि मुकादम बाईची बोलणी खाल्ली. मग नाइतेच्या वर्गातली दोन मुलं आजारी पडली. मग आमच्या डाव्या हाताच्या शेजाऱ्यांकडे सगळेच. रात्री भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा आणि मी उठून नाइतेच्या नाकापाशी हात धरून बघायचे.

मग एका शनिवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मुलांच्या लसीचं शिबिर होतं. लस घेणाऱ्याला किराण्याची पिशवी आणि गरम जेवण. मी सकाळी पोरीच्या पाठीवर थापट्या मारल्या, तिला पिवळा फ्रॉक घातला आणि बाळाला काखेत घेतलं.

"मी चालत जाते," मी सेमिसीला म्हटलं. "तुम्ही माफी मागत बसा."

त्याने गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाला, "ऊन आहे. पोरीला चालवू नकोस." आणि गाडी काढली. हॉलपाशी आल्यावर बाळाला माझ्याकडून घेतलं. "ताई आत असेल. जेवणाचं तिच्याकडेच आहे. मी दाराशी थांबतो."

हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं. थकलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट सुचते.

हॉलमध्ये सगळं चर्च जमलेलं. पोरांची रडारड, फुगे, भिंतीला लागून मोठमोठी पातेली, आणि पातेल्यांमागे हातात पळी घेऊन लुपे वन्सं. त्यांनी आम्हाला पाहिलं. त्यांच्या बाजूच्या बायकांनीही पाहिलं, आणि मग वन्संच्या तोंडाकडे पाहिलं. चटईची गोष्ट तोवर गावभर झाली होती. भावजय आत्याला डावलून पोरीला घेऊन आलीय, आता बघा. मी मान खाली घालून रांगेत उभी राहिले. नाइते माझ्या स्कर्टला घट्ट धरून होती. तिला सुया नवीन नाहीत, म्हणूनच तिला त्यांची जास्त भीती वाटते.

"आई, आत्या बघतेय."

"बघू दे."

"ती का येत नाही आपल्याकडे?"

"गप्प उभी राहा गं."

आमचा नंबर आला. टेबलाशी एक तरुण सामोअन, म्हणजे शेजारच्या बेटांवरची, नर्स होती, डोळे तारवटलेले, मास्कच्या पट्ट्यांनी कानामागे वळ उठलेले. तिने नाव विचारलं, वय विचारलं, अॅलर्जी आहे का विचारलं. मी फुप्फुसांचं सांगितलं.

"जन्मापासून?" तिने इंग्रजीत विचारलं.

"नाही. चार वर्षांची असताना निमोनिया झाला होता."

"वेळेवर उपचार मिळाले नव्हते का?"

तिने सहज विचारलं. तिच्या कामाचा प्रश्न होता. किती वर्षं मी वाट बघत होते की कोणी तरी, अधिकाराच्या खुर्चीवर बसून, हा प्रश्न मला विचारावा. उत्तर तयार होतं. थापट्या मारता मारता मी ते घोटून ठेवलं होतं. आणि आता ते काही बाहेर पडेना.

मागून आवाज आला.

"यांनी उशीर केला नाही." वन्सं. पळी अजून हातातच होती. त्या पातेली सोडून आमच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. बोलत होत्या टोंगनमध्ये, प्रार्थना सांगतात त्या मोठ्या आवाजात, म्हणजे शेवटच्या बाकावरच्यालाही ऐकू जावं. "ही पिशवी भरून निघाली होती. मी नेऊ दिलं नाही. दोन दिवस मी नेऊ दिलं नाही. माझा भाऊ मला उलटून बोलत नाही म्हणून बोलला नाही. पोरीची छाती मी घालवली. तुम्ही सगळे मला मान देता, म्हणून तुम्हालाही सांगते."

हॉलमधली रडणारी पोरं तेवढी रडत राहिली, बाकी सगळं थांबलं. दाराशी सेमिसी बाळाला खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. आपल्या बहिणीला असं उभं राहिलेलं त्याला बघवेना.

मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझ्या छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. मला नुसतं कुठे तरी आडवं व्हावंसं वाटलं. वन्संच्या हातातल्या पळीतून रस्सा फरशीवर टपकत होता, आणि त्यांची हनुवटी लहान पोरीसारखी हलत होती, आणि मी बघत होते की ही बाईसुद्धा तेव्हापासून झोपलेली नाही.

नर्सला टोंगन येत नव्हतं. तिने वन्संकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी काय म्हणतायत? काही महत्त्वाचं आहे का?"

वन्संना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्या माझ्याकडे बघत थांबल्या. त्यांनी नजर चुकवली नाही; नर्सला काय सांगायचं ते माझ्यावर सोडलं होतं.

"आत्या आहेत तिच्या," मी नर्सला सांगितलं. "म्हणतायत, पोरगी सुईला घाबरते, जरा हळू द्या."

"हो, हो, देते हळू," नर्स म्हणाली, आणि तिने कागदावर निमोनिया एवढंच लिहिलं.

वन्संच्या हातातली पळी मी काढून घेतली. तेवढ्यात त्या खाली वाकल्या आणि सरळ फरशीवर, नाइतेच्या खुर्चीच्या पायाशी बसल्या. अख्ख्या चर्चसमोर, भाचीच्या पायाशी. बायकांमध्ये एक हुंदका ऐकू आला.

"वन्सं, उठा. लोक बघतायत."

"बघू देत. आता बसले ती बसले, हे गुडघे मला लगेच उठू द्यायचे नाहीत." त्यांनी नाइतेचे दोन्ही पाय आपल्या हातात धरले. पोरगी आत्याच्या डोक्याकडे वरून बघत होती. असं ते तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या नवलात सुईचं विसरून गेली. वन्सं मान वर न करता, आमच्याच भाषेत, अगदी हळू म्हणाल्या, "नर्सला सांग, दे म्हणावं. पोरीची आत्या म्हणतेय."

"आता काय म्हणाल्या?" नर्सने विचारलं.

या वेळी मी शब्दाला शब्द तसंच सांगितलं.